तीन म्हणायच्या आधी

मंगळवार

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं, तू वाचशील आणि म्हणशील, आता बरं तीर्थ आठवलं. म्हणून नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस. पहिल्या आठवड्यात मी रोज लावायचो, आणि खरं सांगू, नुसता वाजत राहिला की मला सुटल्यासारखं वाटायचं. उचललास तर काय बोलू याचीच धास्ती. पत्राचं बरं असतं. पत्र मध्येच "मग का?" म्हणून विचारत नाही.

सातवीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, "चार ओळी लिहिता येतील एवढं तरी शीक, पुढं कुणाची तरी माफी मागायची वेळ येईल." शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मला धडे उतरवायला लावायचीस आणि चुकलं की मापाच्या पट्टीनं हाणायचीस. ती पट्टी कामाला आली बघ.

वार टाकलाय, तारीख टाकलेली नाही. तारखा मला नको झाल्यात.

मी इथं उंच इमारतींच्या काचा पुसतो, बाहेरून. गच्चीवरून दोर सोडतात, कमरेला पट्टा, बसायला फळी, बाजूला बादली लटकलेली. भावजींना सांग, काळजी नको, दोर दोन असतात. गंमत अशी की उंचीची मला भीतीच वाटत नाही. एकदा लोंबकळलो की मी गाणी म्हणतो. भीती असते ती आधीची. गच्चीवर रांगेत उभं राहायचं, मुकादम एकेकाचा पट्टा ओढून बघतो, तोवर कठड्यापलीकडं बघत थांबायचं. ती पाच-दहा मिनिटं. ती मला काढवत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना ढकलून पुढं घुसतो आणि पहिला उतरतो. मुकादम म्हणतो, "काय वाघ आहे!" बाकीच्यांनी तर माझं नावच 'पहिला' पाडलंय. "ए पहिल्या, चल, घाल पाय बाहेर." त्यांना वाटतं मी शूर आहे. वाटू दे.

खोलीत आम्ही चौघं. खाटेखाली माझी पिशवी, पिशवीत निळ्या रबरी चपला. दोन्हींवर पांढऱ्या रंगानं १४ लिहिलंय. शेजारच्यानं विचारलं, "हे काय रे, लॉटरीचा नंबर?" मी म्हणालो, जुन्या कामावरच्या आहेत. कुठल्या आहेत ते तुला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या. खाट नंबर चौदा. माझे बूट तिथंच कपाटात राहिले.

आता लिहूनच टाकतो, नाहीतर हे पत्र काचांवरच संपेल. तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या. भावजींना साखर, त्यांची चालेना. माझी जुळली. मी होय म्हणालो. आणि ऑपरेशनच्या सकाळी त्या चपला घालून पळून आलो.

आज एवढंच जमतंय. डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात कसा आहे तुझा?


गुरुवार

ताई,

भावजींचा निरोप मिळाला. "पत्र वाचलं. काही बोलली नाही. पाकीट बटणं ठेवायला घेतलंय." तेवढ्या तीन वाक्यांवर मी आठ दिवस काढले. पाकीट फेकलं नाहीस, एवढं तरी झालं. कुठली बटणं ठेवलीस?

आज एक वेगळंच सांगायचंय. वेड लागलं म्हणशील.

सध्या आम्ही एका संशोधनाच्या इमारतीच्या काचा करतोय. अकराव्या मजल्यावर एक खोली दिसते. आत माणूस खुर्चीत, पायाला वायर, समोर पडदा. तो बटण दाबतो आणि जरा वेळानं त्याचा पाय उडतो. मी साबण लावायचं विसरून बघत राहिलो. वरून मुकादम ओरडला, "अरे काच पूस, सिनेमा नाही तो!"

सुट्टी झाल्यावर मी आत गेलो. दाराशी कागद लावला होता, 'तुम्ही निर्णय कसे घेता? प्रयोगात भाग घ्या.' मी अक्षर अक्षर लावून वाचत होतो, तर मागून एक बाई आल्या. चष्मा, केस विस्कटलेले, हातात डबा. त्या प्रयोगाच्या मोठ्या बाई.

मी विचारलं, "शिकलेलंच माणूस लागतं का?"

"नाही. मेंदू असला की झालं."

"त्याचीच पंचाईत आहे. घरचे म्हणतात, नाही."

त्या हसल्या आणि मला आत बसवलं. म्हणाल्या, माणसाला काय हवं हे अर्थशास्त्रवाले पूर्वी नुसतं त्यानं काय उचललं यावरून ठरवायचे. दोन वस्तू ठेवल्या, एक उचलली, म्हणजे ती आवडती. आम्ही उचलताना डोक्यात काय चाललंय तेही बघतो. मेंदू कशाला केवढी किंमत लावतो, सौदा कसा करतो.

"म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतो तसं?"

"तसंच. आम्ही जरा डोळ्यांच्या मागं बघतो."

मी का गेलो, असं तू विचारशील. मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती. तोंडानं विचारवेना, म्हणून म्हटलं, मशीनलाच बघू दे.

अंगावरचं सगळं लोखंड काढायला लावलं. बूट काढा म्हणाले आणि घालायला चपला दिल्या. ताई, त्या चपला बघूनच माझ्या तळपायाला घाम फुटला. मदतनीस पोरगी म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "नाही, नाही. मला झोपवा लवकर."

मशीन म्हणजे बोगदा. आत डोकं घालून उताणं पडायचं. तुझं मशीन जाड कापडावर अडकतं ना, तसा खडखड आवाज, पण कानाशी. हातात एक रबरी फुगा देतात. नको वाटलं की दाबा, लगेच बाहेर काढतो. कागदावर सही घेऊन मला पळायची मुभा दिली होती! मला हसू आलं. माझ्याकडं ती उपजतच आहे.

आधी सोपं. बिस्कीट की संत्रं, असले सवाल. मग पायाच्या वरच्या बाजूला झटका. माझ्या पायाला किती सोसवतो ते आधी मोजून घेतलं. मग न विचारता काही झटके दिले, कधी तीन सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटानं. मग समोर दोन चौकोन आले. डावीकडं 'जोराचा, तीन सेकंदांनी.' उजवीकडं 'हलका, अर्ध्या मिनिटानं.' यातला एक निवडायचा.

तू काय निवडशील? भावजींना विचार. कुठलाही शहाणा माणूस हलका निवडेल. अर्धं मिनिट म्हणजे काय, सुईत दोरा ओवेपर्यंतचा वेळ.

मी जोराचा निवडला. पुन्हा आला, पुन्हा जोराचा. चाळीस वेळा विचारलं असेल. दरवेळी मी जोराचा घेतला. शेवटी पाय बधिर झाला, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी बोट आपोआप डावीकडंच जात होतं. मला हलका घ्यायची मुभा होती, ताई. ते अर्धं मिनिटच मला नको होतं.

बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "फार सोसता तुम्ही." इथंही शूर.

चित्रं सोमवारी दाखवणार आहेत. तोवर मला झोप नाही. काय दिसेल याची नाही, सोमवारची भीती वाटते.


सोमवार

ताई,

दुपारी चित्रं बघितली. संध्याकाळी भावजींचा फोन आला. दोन्ही एकाच दिवशी यायचं होतं.

आधी चित्रं सांगतो, कारण दुसरं लिहायला हात उचलत नाही.

बाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला. अक्रोड कापल्यासारखा. म्हणाल्या, "ही जागा दुखणं आणि शरीराकडं लक्ष देणं यात काम करते. झटका बसला की ती जागी होते. आता बघा." आणि त्यांनी न विचारता दिलेला एक झटका मागं नेऊन दाखवला. झटका बसायला अजून वीस सेकंद आहेत, आणि ती जागा पेटलेली. पंधरा सेकंद, आणखी. दहा. झटका अजून कुठंच नाही.

मी म्हणालो, "म्हणजे दुखायच्या आधीच दुखतंय?"

"अगदी तसंच नाही. पण तुमचा मेंदू त्या पायावर पहारा ठेवून बसलाय. काही माणसांना वाट बघण्याचीच किंमत दुखण्याहून जास्त पडते. ती टाळायला ती मोठा झटका विकत घेतात."

"याला भित्रेपणा म्हणतात ना?"

"आम्ही नाही म्हणत. आणि एवढ्यावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका. आम्ही पुष्कळ जणांची सरासरी बघतो."

सरासरीचं ठीक आहे. सरासरीला ताई नसते.

मग भावजींचा फोन. म्हणाले, हातातली नस बंद पडली. आता डायलिसिसची नळी मानेत घातलीय. म्हणाले, "नळी ही तात्पुरती गोष्ट असते, डॉक्टर म्हणतात. ताप येतोय अधूनमधून." आणि पुढं म्हणाले, "तुला सांग म्हणाली नाही ती. मी सांगतोय." भावजी कधी आवाज चढवत नाहीत, तेच वाईट आहे. शिव्या दिल्या असत्या तर मी फोन तरी आपटला असता.

ताप किती येतो? थंडी वाजून येतो का? नळीच्या जागी लाल झालंय का? मी इथल्या औषधवाल्याला विचारलं, मानेच्या नळीनं ताप आला तर काय. त्यानं तोंड असं केलं की मी पुढचं ऐकलंच नाही, निघून आलो.

मी ज्या दिवशी होय म्हणालो तो दिवस तुला आठवतो? डॉक्टर म्हणाले, "सत्तेचाळीस दिवसांनी, बारा तारखेला करू." तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिवणाच्या निळ्या खडूनं गोल केलास. मला वाटलं, झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी उठलो तर तो गोल माझ्याकडं बघत होता. सेहेचाळीस. जेवताना समोर, हात धुताना पाठीमागं. मी कॅलेंडर उलटं टांगलं तर तू म्हणालीस, "अरे, मागच्या बाजूचं चित्र कशाला लावलंस?" आणि सरळ केलंस.  तू खूश होतीस. बारा तारखेनंतर पोटभर पाणी पिईन म्हणून तांब्या घासून ठेवला होतास.

अजून एक तुला माहीत नाही. तपासण्या संपल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावून म्हणाले, "मनात नसेल तर आत्ता सांगा. शेवटच्या मिनिटाला सांगितलंत तरी चालेल. आम्ही ताईंना एवढंच सांगू, की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या बसत नाही. तुमच्यावर काही येणार नाही." केवढा मोठा दरवाजा उघडून दिला त्या माणसानं. मी छाती काढून म्हणालो, "काहीतरीच काय डॉक्टर! आत्ता काढा म्हणालात तरी देतो."

आणि ते खरं होतं. तेव्हा त्या खुर्चीतच त्यांनी सुरी काढली असती तर मी सदरा वर केला असता.


शनिवार

ताई,

हे पत्र दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितोय. भावजींना आधी वाचू देऊ नकोस.

मी पुन्हा त्या बाईंकडं गेलो. त्यांचा दुसरा प्रयोग होता. यात शेजारच्या खोलीत आणखी एक माणूस असतो. तोही आपल्या खुशीनं आलेला, सही करून. त्याचं तोंड आपल्याला दिसत नाही, आपलं त्याला दिसत नाही. कोण निवडणार याची चिठ्ठी काढतात. माझी निघाली. पडद्यावर विचारतात, हा झटका तुम्ही घेता की शेजारच्याला देऊ?

पहिल्या भागात सगळे झटके लगेचचे होते. मी सगळे घेतले. एकही त्याला जाऊ दिला नाही. मला वाटत होतं, बघ, बघ ताई, मी तसा नाही. शेजारी कोण आहे ठाऊक नाही, तरी घेतोय. मग तुझ्यासाठी का नाही घेणार? मला तिथं पडल्या पडल्या रडू आलं, बरं वाटून.

मग दुसरा भाग. पडदा म्हणाला, 'तुम्ही घेतलात तर एका मिनिटानं. त्याला दिलात तर लगेच.'

पहिला मी घेतला. एक मिनिट. आकडे उलटे उतरत होते. साठ, एकोणसाठ. चाळीसला मला श्वास पुरेना. तीसला मी पाय दुमडून घेतला, पोरगी माइकवरून म्हणाली, हलू नका. झटका आला तो मुंगी चावल्यासारखा. काहीच नव्हतं त्यात.

पुढचा सवाल आला. मी तो त्याला दिला.

सोळा सवाल होते. त्यातले अकरा मी शेजारच्याला दिले. हातात फुगा होता, तो दाबून सगळंच थांबवता आलं असतं. तेही सुचलं नाही. बोट फक्त ते मिनिट टाळत होतं. मिनिट टाळायचं म्हणजे माणूस पुढं करायचा, एवढंच त्याला कळत होतं.

झाल्यावर मी संडासात जाऊन कडी लावून बसलो, त्या माणसाशी गाठ पडू नये म्हणून. बराच वेळ बसलो. मग खाली आलो तर बसथांब्यावर एक बाई बाकावर बसली होती. तुझ्या वयाची. एका पायाचा बूट सैल सोडलेला, पायाची वरची बाजू चोळत होती. तीच होती की नाही, कोण जाणे. नवीन बूट चावत असेल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बाकावर जरा सरकली, मला बसायला जागा केली. मी बस सोडून चालत आलो. दीड तास.

आता ते सांगतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पळून आलो. ते अर्धं आहे. तुला वाटत असेल मी नंतर, आत न्यायच्या वेळी सटकलो. भावजींनाही तेच वाटतं.

सकाळी मला तयार केलं, गाऊन घातला. नर्स म्हणाली, "तासाभरात नेतील." तास. भिंतीवर घड्याळ होतं. मी अर्धा काढला. मग बाहेरच्या दोरीवर वाळत घातलेला कुणाचा तरी पायजमा आणि सदरा चढवला आणि जिन्याकडं निघालो. तेवढ्यात तुझी ढकलगाडी आली. तुला आधी नेत होते. तू उताणी, डोक्याला हिरवी टोपी, अंगावर पांढरी चादर. तू मला बघितलंस. तुला वाटलं मी तुला भेटायला बाहेर आलोय. तू चादरीतून हात काढून वर केलास.

मी पण केला.

तू हसलीस, ताई. "उपाशी आहेस ना रे?" असं काहीतरी म्हणालीस. मी मान हलवली. गाडी वळली. आणि मी जिना उतरलो.

तुला तिकडं किती वेळ तसंच ठेवलं असेल? मला हे रोज दिसतं. तू वर बघत पडलेली आणि कुणीतरी येऊन सांगतंय. मी दोरावर असलो तरी दिसतं. काचेत दिसतं.

मी बाईंना जे विचारायला गेलो होतो ते हेच. जो माणूस आपल्या बहिणीवर जीव टाकतो तो असं करतो का? मशीननं उत्तर दिलं. करतो. मिनिट लांब असलं तर करतो.

यावर तू लिहावंस असं मी म्हणत नाही.


बुधवार

ताई,

भावजींचा फोन आला. मी घाबरत घाबरत घेतला. वाटलं, झालं. पण ते म्हणाले, "एक निरोप आहे तिचा. जसाच्या तसा सांग म्हणालीय." आणि तुझा आवाज काढून म्हणाले, "चपला हॉस्पिटलच्या आहेत. परत आणून दे म्हणावं."

मी खोलीतल्या तिघांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "चपलांसाठी एवढा आनंद? आम्हाला वाटलं, लग्न ठरलं!"

ताई, मी चपला घेऊन येतोय. नुसत्या चपला घेऊन नाही. पण माझं एक ऐक. मी फार विचार केलाय, आणि तुला ठाऊकच आहे, ते माझं काम नव्हे.

माझे दात पडायचे दिवस आठवतात? मी हलणारा दात जिभेनं ढकलत आठ आठ दिवस कण्हत बसायचो. जेवायचो नाही. मग तू मला मांडीत घ्यायचीस, दाताला दोरा बांधायचीस आणि म्हणायचीस, "घाबरू नकोस, तीन म्हटलं की ओढणार. एक... दोन..." आणि दोनलाच ओढायचीस. मी बोंब मारायचो, "तीन कुठं म्हणालीस!" तू म्हणायचीस, "तीनपर्यंत तू असतोस होय जाग्यावर?" एकदाही तू तीनपर्यंत गेली नाहीस.

मशीन, बोगदा, पायाला वायर, एवढं सगळं करून बाईंना जे कळलं ते तुला दोऱ्याच्या रिळावर कळलं होतं. बाईंना मी हे सांगितलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या ताईंना आमच्याकडं आणा एकदा." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "स्वतःला बदलता येत नसेल तर सौदा बदलून बघा. वाट बघण्याची वेळच मधून काढून टाका. पण डॉक्टरांना सगळं खरं सांगून."

मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. पळालो ते, झटक्यांचं, अकरा वेळा दिले ते. मला वाटलं फोन ठेवतील. ते म्हणाले, "तपासण्या पुन्हा कराव्या लागतील. तुमची संमती मी स्वतः पुन्हा घेईन, घाई नाही, आणि नको म्हणायची मुभा टेबलावर चढेपर्यंत राहील." मी म्हणालो, "सगळं कबूल. तपासण्या करा, सह्या घ्या, काय कापणार ते चित्र काढून दाखवा. फक्त दिवस मला सांगू नका." त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "पंचवीस वर्षांत असं कुणी मागितलं नाही. पण चालेल."

तर असं ठरलंय. तपासण्या झाल्या की मी हॉस्पिटलातच राहीन. दिवस डॉक्टरांना, भावजींना आणि तुला ठाऊक असेल. मला नाही. मी रोज रात्री जेवलो की पुढं काही खाणार नाही, पाणीसुद्धा नाही. म्हणजे कुठलीही सकाळ चालेल. त्या दिवसाचा नसेल तर नर्स येऊन सांगेल, "आज नाही, चहा घ्या." असेल तर चहा नाही, सरळ आत. बाहेर ढकलगाडी नको, घड्याळ असलेली भिंत नको.

घरातलं कॅलेंडर उतरवून ठेव. तू माझ्याशी बोलू नकोस, तोंडावर दिसेल तुझ्या. तुला खोटं बोलता येत नाही, फक्त दातांच्या बाबतीत येतं.

मला जमेल की नाही, शपथ घेऊन सांगत नाही. मागच्या वेळी शपथ घेतली होती.  पण तुझ्या मानेतल्या नळीची भीती आता वाट बघायच्या भीतीहून मोठी झालीय. बाई म्हणतील, भाव बदलला.

दोनलाच ओढ, ताई.


सोमवार, अकरा तारीख

ताई,

तू भिंतीपलीकडं आहेस. तुझा खोकला ऐकू येतो. पत्र कुणाच्या हाती देऊ, भावजीही कालपासून माझी नजर चुकवतायत. बिचारे! काल मी सहज विचारलं, "भावजी, काय म्हणतंय हवामान?" तर म्हणाले, "मला काही माहीत नाही."

इथं येऊन आज सहावी सकाळ. पहिल्या सकाळी मी दाराकडं बघत उलटी केली, पोटात काही नसताना. नर्सबाई आल्या, "आज नाही. चहा घ्या." मी दोन कप घेतले आणि वॉर्डभर हसत फिरलो. दुसऱ्या सकाळी "आज नाही." तिसऱ्या सकाळी मी विचारलं, "खरंच नाही ना?" त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडं बघून काही कळायचं नाही. मला पण सहालाच सांगतात." त्यानंतर थोडं कमी झालं. भीती आहे. पण तिला उभं राहायला तारीख नाही, म्हणून ती इकडंतिकडं भटकते, एका जागी ठाण मांडत नाही. चौथ्या सकाळी तर मला जाग त्यांनी हलवल्यावर आली.

काल डॉक्टर पुन्हा दार लावून बसले. विचारलं, "अजून देता?" मी छाती काढली नाही. म्हणालो, "घाबरलोय. देतो."

खाट चौदाच मिळालीय. मुद्दाम मागितली. माझे बूट त्या कपाटात तसेच होते, आत कोळ्यानं जाळं केलं होतं. चपला मी नर्सबाईंना परत केल्या, तर त्यांनी नंबर बघितला आणि पुन्हा माझ्याच पायाशी ठेवल्या. "तुमच्याच खाटेच्या आहेत." रोज निजताना मी त्या काढतो आणि त्यांची तोंडं भिंतीकडं करून ठेवतो, दाराकडं नाही.

नर्सबाई आत्ताच आल्या. पडदा सारला. माझं मनगट धरून नाडी बघितली, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचलं.  मी वाट बघितली, 'आज नाही' म्हणतील, म्हणतील. त्या पायाशी घडी करून ठेवलेला हिरवा गाऊन उलगडतायत.

चहाचं विचारलं नाही, ताई.

मी त्यांना विचारलं, "आज तारीख काय?" त्यांनी सांगितली. ती मी वर टाकलीय, मुद्दाम. बघ, टाकता आली. एवढं पूर्ण करून कागद उशीखाली ठेवतो, भावजी घेतील.

तुझा खोकला थांबलाय. तुला पण उठवलं वाटतं. मी ऐकतोय, भिंतीला कान लावलाय.

एक म्हण.